गोळीच्या वाटेतली मार्लीन

रायफल बर्नीने मागितली नव्हती. ती तिच्या गळ्यात पडली, आणि तेही बर्नी पिएरोगी तळत असताना.

टेकडीवरच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर वर्षी पानगळीच्या सुमारास बंदुकांची सोडत असते. बंब जुना झाला म्हणून गाव दारोदार हात पसरत नाही, बंदुका सोडतीत लावतं. आत शिरताना तिकीट घ्यायचं, मग दुपारभर बिअर, कोंबडीचे तिखट पंख आणि बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पिएरोगी हाणायच्या, आणि मधूनमधून माइकवर पुकारल्या जाणाऱ्या आकड्याकडे कान ठेवायचा. ज्याचा आकडा लागतो तो आरोळी ठोकतो आणि बाकीचे त्याला मनापासून शिव्या देतात. पश्चिम पेनसिल्व्हेनियात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वावगं वाटतं ते पिएरोगीवर केचप ओतणाऱ्याचं.

बर्नडेट युर्को ऊर्फ बर्नी त्या दिवशी आत स्वयंपाकघरात होती. मदतीला येणाऱ्या बायकांना एक तिकीट फुकट मिळतं, ते तिने न बघताच एप्रनच्या खिशात कोंबलं होतं. मोठं बक्षीस पुकारलं गेलं आणि बाहेर कुणीच आरोळी ठोकेना. शेवटी कुणीतरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं आत घालून ओरडलं, "अगं बर्नी, खिसा बघ तुझा!" तिने खिसा बघितला. बक्षीस होतं लेस ओंद्रुशच्या दुकानातली कोणतीही एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल, पसंती विजेत्याची.

"कांदा करपतोय," एवढंच बर्नी म्हणाली आणि पुन्हा तव्याकडे वळली. पण तिचे कान लालबुंद झालेले सगळ्यांनी पाहिले.

बर्नी बुटकी, रुंद आणि आवाजाने खणखणीत. तीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस त्या टेकड्यांच्या घाटातून वरखाली केली होती. वरच्या आरशात नुसतं बघून ती शेवटच्या बाकावरच्या पोराला नावाने हाक मारी, आणि ते पोर तोंडातला च्युइंगगम गिळून टाकी. आज त्यातल्या निम्म्या पोरांना टक्कल पडलंय, तरी ती समोर आली की त्यांचे हात आपोआप खिशाबाहेर येतात. बस सोडून तिला काही वर्षं झाली होती. नवरा रॉन दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. टीव्हीसमोर गेला, फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात. "निदान कुणाचा खोळंबा केला नाही त्याने," असं बर्नी म्हणायची, आणि म्हणून झालं की उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागायची.

आता ती वडिलांच्या जागेवरच्या पत्र्याच्या लांबट ट्रेलर-घरात एकटी राहत होती. तशी अगदी एकटी नव्हती. खडीच्या वाटेपलीकडे, बरोबर समोर, दुसरं ट्रेलर-घर होतं आणि त्यात तिची सख्खी धाकटी बहीण मार्लीन राहत होती, तीही विधवाच. पण आईच्या दफनापासून दोघींचा अबोला होता, म्हणजे एकटीच म्हणायची.

भांडण झालं ते जर्सीवरून. आई शवपेटीत झोपली होती ती चर्चच्या निळ्या ड्रेसमध्ये नाही, तर पिट्सबर्गच्या फुटबॉल संघाच्या काळ्या-पिवळ्या जर्सीत. आईला कपडे चढवण्याचं काम मार्लीनकडे होतं. बर्नी बसची फेरी संपवून धावतपळत आली, पेटीत डोकावली आणि फादर, चुलते, मावश्या, अख्ख्या टेकडीच्या देखत म्हणाली, "ही आपली आई आहे की मैदानावर नाचणारी पोरगी?" मार्लीन एक अक्षर बोलली नाही. तिने पर्स उचलली, गाडीत जाऊन बसली, आणि त्यानंतरही एक अक्षर बोलली नाही. अकरा वर्षं. गावानेही त्याची सवय करून घेतली. ईस्टरआधीच्या उपवासाच्या शुक्रवारी, मांस चालत नाही म्हणून, मासे तळायला मार्लीन आणि सोडतीला पिएरोगी तळायला बर्नी, अशी कामं लावली जायची. दोघींच्या हातात एकाच वेळी उकळतं तेल देण्याची हिंमत फादरमध्येही नव्हती.

तर त्या पानगळीत, सोडतीच्या काही आठवडे आधी, टेकडीवर चोऱ्या व्हायला लागल्या. कुणाच्या शेडमधून तांब्याच्या नळ्या गेल्या, कुणाचं बर्फ ढकलण्याचं यंत्र गेलं, आणि रॉनची लाकूड कापायची करवत गेली. करवतीचं बर्नीला फारसं नाही वाटलं, पण रॉनचे हातमोजे त्या करवतीच्या मुठीत अडकवलेले होते, ते गेले याचं वाटलं. मग एका संध्याकाळी बातम्या संपल्या होत्या, बाहेर अंधार पडला होता, बर्नी सूप घेऊन बसली होती, आणि पुढच्या दाराची मूठ बाहेरून फिरली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. दाराला नेमकी त्याच दिवशी तिने आठवणीने कडी लावली होती. मूठ थांबली, खडीवर पावलं वाजली आणि दूर गेली. बर्नी चमचा हातात धरून बसून राहिली. सुपावर साय धरली तरी तिला उठवेना.

त्या दिवसापासून तिची झोप उडाली. बाहेरचं काही कानावर पडू नये म्हणून अंधार पडला की ती टीव्हीचा आवाज मोठा करायची. त्यात तिने एक घोडचूक केली: हे सगळं मुलीला फोनवर सांगितलं. शेली नॉर्थ कॅरोलायनात राहते. तिने आईसाठी तळघरातली खोली केव्हाचीच तयार ठेवली होती, गालिच्यासकट, वॉशिंग मशीनच्या शेजारी.

"आई, नाताळपर्यंत वाट बघते," शेली म्हणाली. "तोवर तुला तिथे नीट झोप लागायला लागली तर ठीक. नाहीतर मी गाडी घेऊन येते आणि तुला उचलते."

"मी काय सोफा आहे उचलायला?"

"सोफा असतीस तर कधीच उचललं असतं. सोफा उलट बोलत नाही."

बर्नीने फोन ठेवला. दुसऱ्याच्या वॉशिंग मशीनची घरघर ऐकत मरायचं तिच्या मनात नव्हतं. तिला इथेच मरायचं होतं, स्वतःच्या टीव्हीसमोर, जमलं तर मध्यंतरात. आणि म्हणून एप्रनच्या खिशातल्या तिकिटाने तिचे कान लाल झाले होते. देवाने करवत नेली आणि रायफल पाठवली, असं तिला वाटलं. देवाची हिशेबाची पद्धत तिला रॉनच्या वेळेपासूनच पटत नव्हती, पण या वेळी तिने मान्य केली.

आता प्रश्न उरला, कोणती घ्यायची. बर्नीला बंदुका नव्या नव्हत्या. हरणाच्या शिकारीच्या पहिल्या दिवशी तिथे शाळा बंद ठेवतात; चालू ठेवल्या तर मास्तरच येणार नाहीत. पण तिच्या वडिलांच्या काळी हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक कायद्याने चालायची नाही, त्यामुळे घरात सगळ्या जुन्या पद्धतीच्या: एक गोळी झाडा, हाताने बोल्ट मागे ओढा, पुढे ढकला, मग दुसरी. नवीन रायफल पुढची गोळी आपली आपण आत घेते, आपण फक्त दर वेळी चाप ओढायचा. वडील अशा रायफलीला "आळशाची बंदूक" म्हणत. मात्र घरात कपडे धुण्याचं यंत्र त्यांनीच सगळ्यांच्या आधी आणलं होतं.

सल्ले देणाऱ्यांना तर ऊत आला. केस कापणारी म्हणाली, काळीच घे, काळा रंग माणसाला बारीक दाखवतो. फादर म्हणाले, शस्त्रांबद्दल माझं काही मत नाही, पण घेणारच असलीस तर मोठ्या गोळीची घे. दातांच्या डॉक्टरने तिच्या तोंडात दोन्ही हात घालून आखूड नळीचे फायदे समजावले, म्हणजे तिला वादच घालता येईना. पेट्रोल पंपावरच्या माणसाने खिशातून फोन काढून आपल्या रायफलीचे फोटो दाखवले, मग नातवाचे. रायफलीचे जास्त होते.

शेवटी ती लेस ओंद्रुशकडे गेली. लेस तिच्याबरोबर शाळेत होता. पोलादाच्या गिरणीतल्या गोंगाटात त्याने अर्धे कान घालवले आणि मग स्वतःच्या गॅरेजमध्ये बंदुकांचं दुकान काढलं. दुकानात एक फ्रिज आहे. त्यात एका बाजूला मासे पकडायची गांडुळं आणि दुसऱ्या बाजूला लेसचा डबा असतो. अजून अदलाबदल झालेली नाही, असं लेस सांगतो. तोच दर गुरुवारी क्लबच्या मैदानावर बायकांना नेमबाजी शिकवतो.

"ये बक्षीसवाले," लेस म्हणाला. "कशासाठी हवीय? मैदानावर नेम धरून पोलादी ताटल्या वाजवायला, की घरासाठी?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हणणारीला नवरासुद्धा एकात मिळत नाही," लेस म्हणाला, आणि त्याने भिंतीवरून एकेक खाली काढायला सुरुवात केली. काढली की आधी ती रिकामी असल्याची खात्री करायचा, तिला दाखवायचा, आणि मगच तिच्या हातात द्यायचा.

पहिली लाकडी दस्त्याची, हरणाच्या गोळीची. बर्नीने खांद्याला लावली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"जड आहे ना?" लेस म्हणाला. "धक्काही तसाच देते. मॅगझीन रिकामं होईपर्यंत तुझा खांदा आणि चोर दोघंही झोपतील."

दुसरी आखूड, पिस्तुलाची काडतुसं खाणारी. तिसरी काळी, हलकी, जिच्याबद्दल केस कापणारी बोलली होती. हिचा दस्ता कळ दाबली की मागेपुढे सरकायचा, त्यामुळे हात आखूड असो की लांब, खांद्याला नीट बसायची. चौथी अगदी छोटी, बारक्या पॉइंट टू-टू गोळीची.

"ही कशासाठी?"

"खारी आणि ताटल्या. आवाज कमी, गोळ्या स्वस्त."

"आणि चोर आला तर?"

"चोराला राग येईल."

गुरुवारी लेसने चारही रायफली मैदानावर नेल्या. बर्नीने कानांवर जाडजूड पॅड चढवले आणि जागच्या जागी थबकली. तीस वर्षं तिच्या मानेमागे पोरं किंचाळत आली होती. हे पॅड तेव्हा का नाही घातले, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला हसू फुटलं. मग तिने काळी रायफल उचलली, श्वास सोडला, चाप ओढला. लांबवर पोलादी ताटली ठण्ण वाजली. पुन्हा ठण्ण. तिला बोल्टला हात लावावा लागत नव्हता, नजर ताटलीवरून हलवावी लागत नव्हती. रॉन गेल्यापासून पहिल्यांदाच तिला कशाचीही भीती वाटत नव्हती, आणि ते तिने लेसला सांगूनही टाकलं.

"हीच," ती म्हणाली. "दे बांधून."

लेसने रायफल तिच्या हातातून घेतली, रिकामी केली आणि बाजूला ठेवली. "ताटल्यांच्या मागे काय आहे, सांग."

"मातीचा बांध."

"कशाला घातलाय?"

"चुकलेली गोळी थांबायला. लेस, मी पाळण्यातली नाही."

"बरं. आता घर. चोर कुठून येणार?"

"पुढच्या दारातून."

"तू कुठे असशील?"

"बेडरूमच्या दारात. बोळातून सरळ पुढचं दार दिसतं."

"आणि दारामागे काय?"

"पायऱ्या. मग खडीची वाट."

"आणि त्यामागे?"

त्यामागे मार्लीन होती.

"ट्रेलर-घराची भिंत म्हणजे पत्रा, कापूस आणि बिस्किटासारखा एक थर," लेस म्हणाला. "यातली कोणतीही रायफल घे, अगदी ती खारीवालीसुद्धा. तुझा नेम चुकला तर गोळी तुझ्या दारातून निघते आणि तिच्या भिंतीतून आत जाते. तिच्या त्या भिंतीमागे काय आहे? न्हाणी? चूल? पलंग?"

"मला काय माहीत? तिचा हॅरी गेल्यावर तिने आत सगळं हलवलंय म्हणतात."

"मग माहीत करून घे. तोवर ही माझ्या भिंतीवर."

"मी जिंकलीय ती!"

"जिंकलीस ना. कुठे पळून जात नाहीये. मार्लीनचा पलंग कुठे आहे ते कळलं की ये." लेसने पॅड पुन्हा कानांवर चढवले. त्याला भांडण संपवायचं असलं की तो हेच करतो.

बर्नीच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षांचा अबोला काय लेसच्या नियमासाठी मोडायचा? तिने दुसरे मार्ग शोधले. गॅसची टाकी भरायला येणाऱ्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, मी बाहेरूनच भरतो. फादरना विचारलं, तर फादर म्हणाले, बाईच्या शयनगृहाची माहिती ते स्वतःकडे ठेवत नाहीत, आणि असली तरी देणार नाहीत. मग तिने रॉनची शिकारीची दुर्बीण काढली, स्वयंपाकघराच्या खिडकीत पडद्याआड उभी राहिली आणि समोरच्या खिडक्यांवर लावली. डावी खिडकी, नुसता पडदा. मधली, पडदा. उजव्या खिडकीत पडदा थोडा बाजूला होता, आणि त्या फटीत दुर्बीण लावून मार्लीन उभी होती.

दोघींनी एकदमच पडदे ओढले.

नाताळ जवळ येत चालला होता. शेलीने खोलीचा फोटो पाठवला. पलंगावर फुलाफुलांची चादर होती. त्याच दुपारी बर्नीने चर्चचा कोट घातला, शीतपेटीतल्या पिएरोगी परतल्या, वाडग्यावर चांदीचा कागद लावला आणि खडीची वाट ओलांडली. हिमवादळात साठ पोरं घेऊन घाट उतरणं तिला याहून सोपं गेलं होतं.

मार्लीनने दार उघडलं. ती उंच, हाडकुळी, आईच्या वळणावर गेलेली. केस पार पांढरे झाले होते. समोरासमोर राहूनही बर्नीने हे आज पहिल्यांदाच नीट बघितलं.

"कोण मेलं?" मार्लीनने विचारलं.

"कुणी नाही."

"मग?"

बर्नीने येताना तीन-चार वाक्यं घोकली होती. त्यातलं एकही आठवेना. "तुझा पलंग कुठे आहे?" ती म्हणाली.

"अकरा वर्षांनी माझ्या दारात उभी राहून तू हे विचारतेस?"

"बटाट्याच्या आहेत. चीज घातलंय."

"कांदा करपवलास म्हणे तिथे." मार्लीनने वाडगा घेतला, पण दारातून हलली नाही. मग म्हणाली, "थंडी आत येतेय. एकतर ये, नाहीतर जा."

बर्नी आत गेली आणि बघतच राहिली. रस्त्याकडच्या भिंतीला हॅरीचा भलामोठा डीप फ्रीझर टेकवला होता, हरणाच्या मांसाने ठासून भरलेला. त्याच्या शेजारी वडिलांचं पोलादी कपाट, कपाटाच्या बाजूला जुन्या ज्ञानकोशांची उभी चळत. एखाद्या किल्ल्याची तटबंदी असावी तशी.

"पलंग मागच्या खोलीत," मार्लीन म्हणाली. "तू रायफल जिंकलीस ना, त्याच दिवशी हलवला. हा फ्रीझर मी एकटीने ढकललाय, पाठ अजून धरलीय."

"माझ्या भीतीने?"

"मग काय फादरच्या? बये, तू बस चालवायचीस तेव्हा माझी टपालपेटी दोनदा उडवलीस. एवढी मोठी बस आणि एवढीशी टपालपेटी, तीसुद्धा स्थिर. आणि तुझ्या हातात रायफल!"

"दुसऱ्यांदा बर्फ होता!"

"पहिल्यांदा जून होता."

बर्नीला भांडायचं होतं, पण तोंडातून हसू निघालं, आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणी. ते लपवायला ती ज्ञानकोशांकडे वळली. तिथे भिंतीवर आईचा फोटो होता, अंगात तशीच एक जर्सी, हातात बिअर.

"तिला तो निळा ड्रेस आवडायचा," बर्नी म्हणाली. इतक्या वर्षांनीही तिला राहवलं नाही.

"आवडायचा ना. पण चेन लागत नव्हती." मार्लीन वाडग्यावरचा कागद सोलत होती, वर बघत नव्हती. "शेवटी शेवटी किती सुजली होती ती, तू बघितलंस ना? तो दफनवाला कात्री घेऊन आला. म्हणे पाठीमागून कापतो, पेटीत कुणाला दिसत नाही. आईचा ड्रेस कापू देऊ मी? तिने स्वतः शिवलेला? तिच्या अंगात बसेल असं कपाटात दुसरं काही नव्हतं, बर्नी. हॅरीची जर्सी बसली."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"सगळ्या गावासमोर सांगू, आमची आई तिच्या ड्रेसमध्ये मावत नाही म्हणून?"

बर्नी खुर्चीत बसली. अकरा वर्षं ती या बाईवर रागावली होती, आणि या बाईने तेवढीच वर्षं आईची लाज झाकली होती. "मी गाढव आहे," ती म्हणाली.

"हे मी तेव्हाच सांगणार होते. खा." मार्लीनने काटा पुढे केला. "आणि रायफलीचं काय खूळ आहे? ताटल्या वाजवतेस ते ऐकलं. चांगल्या वाजवतेस म्हणे. पण घरात कशाला?"

मग बर्नीने सगळं सांगितलं. करवत, हातमोजे, उडालेली झोप, शेलीची खोली, वॉशिंग मशीन. आणि ती संध्याकाळ. "मी सूप घेऊन बसले होते, आणि बाहेरून कुणीतरी दाराची मूठ फिरवली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. हळूच. मेल्यासारखी झाले मी."

मार्लीनचा काटा हवेतच थांबला. "बातम्या संपल्यावर?"

"हो."

"त्या दिवशी दाराला कडी होती तुझ्या."

"होती. म्हणूनच वाचले. तुला कसं–"

"मीच होते ती."

बर्नीने काटा खाली ठेवला.

"तू जन्मात कधी दाराला कडी लावली नाहीस," मार्लीन म्हणाली. तिचा आवाज चढला होता. तिला लाज वाटली की तो चढतो. "ते काम रॉन करायचा. तो गेल्यावर पहिल्याच आठवड्यात वाऱ्याने तुझं दार सताड उघडं पडलं होतं, आणि तू आत टीव्हीसमोर घोरत होतीस. तेव्हापासून बातम्या झाल्या की मी येते. मूठ फिरवून बघते. उघडं असलं तर मुठीचं आतलं, कुलपाचं बटण दाबते आणि ओढून घेते. बंद असलं तर जाते घरी. त्यात काय एवढं?"

"रोज?"

"पाठ धरल्यापासून नाही येत रोज."

कितीदा सकाळी दार बंद सापडलं होतं आणि बर्नीला वाटलं होतं की आपली स्मरणशक्ती चालली. तिला आधी राग आला, मग तिच्या डोळ्यांसमोर तो बोळ आला. बोळाच्या या टोकाला ती, खांद्याला हलकी काळी रायफल, आणि त्या टोकाला हळूच फिरणारी मूठ. लेसने त्या गुरुवारी ती बांधून दिली असती तर!

"मी तुला गोळी घातली असती, मार्लीन," ती म्हणाली. "खरंच घातली असती. दारातूनच."

"आणि नेम चुकवला असतास. आणि माझा फ्रीझर फुटला असता." पण मार्लीनने टेबलावरून हात पुढे करून तिचं मनगट धरलं होतं, आणि पिएरोगी थंड होईपर्यंत सोडलं नाही.

पुढच्या गुरुवारी दोघी एका गाडीतून क्लबवर उतरल्या तेव्हा मैदानावरचा गोळीबार आपोआप थांबला. मार्लीन बर्नीच्या उजव्या बाजूला उभी राहिली, तिला कुणी सांगितलं नव्हतं की या रायफली रिकाम्या पुंगळ्या उजवीकडे फेकतात. तिसरी गरम पुंगळी थेट तिच्या कॉलरमधून आत गेली. मार्लीनने तिथल्या तिथे जो नाच केला आणि आजीच्या स्लोव्हाक भाषेतल्या ज्या शिव्या दिल्या, त्याने लेसच्या अर्ध्या कानांनाही तृप्ती मिळाली.

"पलंग मागच्या खोलीत आहे तिचा," बर्नीने लेसला सांगितलं.

"मग काय, देऊ?"

"थांब, मी बघते आधी," मार्लीन म्हणाली. "गोळी माझ्या दिशेने येणार, पसंती माझीही हवी." तिने चारही हाताळल्या. जडवाली नको म्हणाली, आखूडवाली तिच्या लांब हातांत खेळण्यासारखी दिसली. काळीचा दस्ता लेसने तिच्यासाठी मागे ओढून दिला, मग तिने रायफल खांद्याला लावली आणि पहिल्याच गोळीला ताटली वाजली. दुसरीही. बर्नीच्या पोटात जरासं दुखलं.

"हीच," मार्लीन म्हणाली. "हिचा दस्ता हलतो. बुटक्यांनाही चालते आणि माणसांनाही."

लेसने बंदूक घेणारी म्हणून बर्नीची सरकारी तपासणी फोनवरून उरकली आणि तीच दिली. शिवाय स्वतः घरी येऊन गेला. बोळाच्या दोन्ही टोकांना उभा राहिला, डोकं खाजवलं, आणि म्हणाला की या बेडरूममधून कुठेही नेम धरला तरी शेवटी मार्लीनच लागते. मग बर्नीचा पलंग दुसऱ्या टोकाच्या खोलीत गेला, जिथे गोळीच्या वाटेत फक्त टेकडीचा मातीचा कडा येतो. पलंग ढकलायला मार्लीन आली नाही, पाठ धरलीय म्हणाली. पण दारात उभी राहून सूचना मात्र अखंड दिल्या. रायफल कपाटातल्या पोलादी पेटीत, कुलपात. बाहेर येते ती गुरुवारी.

लेसने जाताना आणखी एक अट घातली. मार्लीनने यापुढे मुठीला हात लावण्याआधी बाहेरून मोठ्याने नाव सांगायचं. मार्लीनने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कानांवर पॅड नसतानाही ऐकू न आल्याचं सोंग केलं.

नाताळच्या आठवड्यात शेलीचा फोन आला. "झोप लागते का आई?"

"घोरते."

"रायफल घेतलीस म्हणून?"

"रायफल आहे. आणि सुरक्षाव्यवस्था बसवलीय. रोज संध्याकाळी तपासणी होते."

"अगं बाई! कोणत्या कंपनीची?"

"कंपनी नाही," बर्नी म्हणाली. "मावशी."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि शेली म्हणाली की त्या खोलीत आता ती शिलाई मशीन ठेवेल.

त्या संध्याकाळी बातम्या संपल्या. बाहेर बर्फ भुरभुरत होता. बर्नी दोन वाडगी सूप काढून बसली होती. खडीवर पावलं वाजली, पायऱ्यांवर चढली, आणि दाराची मूठ फिरली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. आतून कडी होती.

"कोण आहे?" बर्नी ओरडली.

"चोर!" बाहेरून उत्तर आलं.

बर्नीने उठून कडी काढली. "बूट पुसून ये," ती म्हणाली.